आय.पी.एल.ची थैली आणि खेळाडूचा हक्क

आय.पी.एल.चा लिलाव जवळ आला की कापडबाजारात दुसरा विषय निघत नाही. ताग्याचा भाव विचारायला आलेले गिऱ्हाईकही आधी कोणता खेळाडू कितीला गेला ते विचारते. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियातील जेद्दा शहरात लिलाव झाला, त्यात लखनौच्या संघाने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये मोजले आणि पंजाबच्या संघाने श्रेयस अय्यरसाठी २६ कोटी ७५ लाख. असे आकडे ऐकून सामान्य माणूस तोंडात बोट घालतो. परंतु व्यापारी माणसाने नुसती बोली ऐकून थांबू नये. बोली लावणाऱ्याच्या खिशात किती आहे आणि तो खिसा कोणी शिवला आहे, हेही पाहावे.

त्या लिलावात प्रत्येक संघाच्या खिशाचे माप आधीच ठरलेले होते. २०२५ च्या हंगामासाठी एका संघाने खेळाडू घेण्यावर जास्तीत जास्त १२० कोटी रुपये खर्चावेत, असा नियम होता. संघात राखून ठेवलेल्या जुन्या खेळाडूंचे पैसेही त्यातच धरायचे. मालक देशातला सर्वांत मोठा उद्योगपती असला तरी त्याची थैली १२० कोटींचीच, आणि त्याच्या तुलनेत लहान मालकाचीही तेवढीच. यालाच पगाराची मर्यादा म्हणतात. मर्यादेचा हेतू असा सांगितला जातो की श्रीमंत संघाने सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत आणि सामन्यात चुरस राहावी.

हा हेतू चांगला आहे काय, मर्यादेने तो साध्य होतो काय, आणि त्याची किंमत कोण भरतो, या तीन प्रश्नांचा हिशेब आज आम्ही मांडणार आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. थैलीला मर्यादा असावी, याला आमची हरकत नाही. पण मर्यादा इन्साफाची ठरायची असेल तर तिच्यासोबत तीन गोष्टी हव्यात. सामायिक कमाईची वाटणी सारखी हवी, खर्चाला जशी वरची हद्द तशी खालचीही हद्द हवी, आणि मर्यादा ठरवताना ज्याचा पगार ठरतो तो खेळाडू समोर बसलेला हवा. आपल्या आय.पी.एल.मध्ये पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आहेत. तिसरी नाही.

शेजारचे दुकान आणि समोरचा संघ

काही व्यापारी बंधू म्हणतील, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने हवा तेवढा खर्च करावा, सरकारने किंवा मंडळाने आडवे का यावे? कापडाच्या धंद्यात हा उसूल चालतो. शेजारचे दुकान बंद पडले तर त्याची काही गिऱ्हाइके आपल्याकडे येतात. वाईट वाटते, पण धंदा बुडत नाही. खेळाचे तसे नाही. खेळात विकायचा माल म्हणजे सामना, आणि सामना एकट्याने तयार होत नाही. समोरचा संघ बुडाला तर आपल्या संघाकडे विकायला काहीच उरत नाही. समोरचा संघ इतका दुबळा झाला की निकाल आधीच ठाऊक असेल, तर तिकीट काढणारा आणि टी.व्ही. लावणारा दोघेही हळूहळू पाठ फिरवतात.

वॉल्टर नील नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हीच गोष्ट मुष्टियुद्धाच्या उदाहरणाने मांडली होती. जो लुई हा जगज्जेता मुष्टियोद्धा. त्याने जर सगळे प्रतिस्पर्धी नाहीसे केले तर तो कमावणार कोणाशी लढून? त्याची कमाई मॅक्स श्मेलिंगसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी समोर असण्यावर अवलंबून होती. म्हणजे खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी हाच भागीदार असतो. मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये किंवा मूळजी जेठा मार्केटमध्ये बसणाऱ्यांना याची थोडी कल्पना असेल. शेकडो दुकाने एकत्र आहेत म्हणून बाहेरगावचा व्यापारी तिथे उतरतो. एकच दुकान उरले तर बाजाराचा बाजार राहणार नाही.

तेव्हा संघांनी आपसात काही बंधने घालून घेणे यात गैर नाही. गैर काही असेल तर ते बंधन कसले आणि कोणावर, यात असते.

आधी वाटणी, मग मर्यादा

पगाराच्या मर्यादेचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतील फुटबॉलचा आहे. हे फुटबॉल आपले नव्हे, हाताने चेंडू घेऊन पळण्याचे. त्यांच्या एन.एफ.एल. या संघटनेत ३२ संघ आहेत आणि १९९४ पासून तेथे पगाराची पक्की मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. पण आमच्या लोकांनी नीट पाहावे ती गोष्ट वेगळी आहे. मर्यादा १९९४ साली आली. टी.व्ही.चे पैसे एकत्र करून सर्व संघांत सारखे वाटण्याची पद्धत मात्र १९६१ सालापासून आहे. म्हणजे तेहतीस वर्षे आधी.

या वाटणीची करामत पाहायची असेल तर ग्रीन बे या गावाचे उदाहरण घ्यावे. विस्कॉन्सिन राज्यातील हे गाव, वस्ती एक लाखाच्या आसपास, आपल्याकडच्या मध्यम गावाएवढी. त्या गावाचा पॅकर्स हा संघ कुणा एका शेठजीचा नाही. सामान्य लोकांनी समभाग घेऊन तो चालवला आहे. हा संघ न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा महानगरांच्या संघांशी बरोबरीने खेळतो आणि २०११ च्या फेब्रुवारीत तर विजेताही झाला. न्यूयॉर्कच्या संघाला टी.व्ही.तून जेवढे मिळतात तेवढेच ग्रीन बेला मिळतात, म्हणून हे शक्य होते. नुसती मर्यादा घातली असती आणि वाटणी नसती, तर ग्रीन बेला ती मर्यादा गाठण्याइतके पैसे कुठून मिळाले असते? रिकाम्या पेटीला कुलूप लावून काय फायदा?

दुसरी गोष्ट अशी की तेथे मर्यादा मालकांनी परस्पर लादली नाही. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, १९९२ मध्ये खेळाडूंच्या बाजूने निकाल लागला आणि १९९३ मध्ये करार झाला. खेळाडूंना करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले, त्या बदल्यात त्यांनी मर्यादा मान्य केली. मर्यादेचा आकडाही कुणाच्या मर्जीने ठरत नाही, तो कमाईशी बांधलेला आहे. २०२० च्या करारानुसार एकूण कमाईतील सुमारे ४८ टक्के खेळाडूंचे. शिवाय संघांना काही वर्षांच्या हिशेबात मर्यादेच्या ९० टक्के रक्कम खर्च करावीच लागते, खिशात घालून बसता येत नाही. सर्वांत नव्या खेळाडूचा किमान पगारही करारात लिहिलेला आहे, २०२५ मध्ये तो ८ लाख ४० हजार डॉलर होता.

कमाई वाढली की मर्यादा वाढते, मर्यादा वाढली की मेहनताना वाढतो. मालक आणि कारागीर एकाच तराजूत बसले आहेत. आम्ही याला मर्यादा म्हणण्यापेक्षा भागीदारीचा करारनामा म्हणू.

इंग्लंडचे वीस पौंड

याच्या अगदी उलट नमुना इंग्लंडचा. तेथील फुटबॉलमध्ये १९०१ सालापासून मर्यादा होती, पण ती संघाच्या एकूण खर्चावर नव्हती. ती प्रत्येक खेळाडूच्या पगारावर होती. १९०१ मध्ये आठवड्याला ४ पौंड, आणि १९६० उजाडले तरी आठवड्याला फक्त २० पौंड. मैदानावर हजारो लोक तिकीट काढून येत, तो पैसा क्लबच्या तिजोरीत जाई, आणि ज्याला पाहायला लोक येत त्याच्या हातात वीस पौंड पडत. वर आणखी एक बेडी होती. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे.

जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कुठे जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा गेली. त्यानंतर फुलहॅम क्लबचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवणारा खेळाडू झाला. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने कोर्टात दाद मागितली आणि १९६३ मध्ये दुसरी बेडीही तुटली.

मर्यादा गेल्यावर आकाश कोसळले काय? नाही. १९६२ मध्ये इप्स्विचसारख्या लहान गावाचा संघ पहिल्या क्रमांकावर आला, आणि त्या दशकात विजेतेपद अनेक क्लबांत फिरत राहिले. कारण दुसरे एक बंधन टिकून होते. यजमान क्लब तिकिटाच्या उत्पन्नातील काही हिस्सा पाहुण्या क्लबला देत असे. १९८३ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि ज्याचे मैदान त्याचा गल्ला असे झाले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, पुढे परदेशी धनवंतांनी क्लब विकत घेतले. २०१६ मध्ये लेस्टर या क्लबने सर्वांना चकित करून विजेतेपद मिळवले हे खरे. पण २०२१ ते २०२४ अशी ओळीने चार वर्षे मँचेस्टर सिटीच विजेता होता. जर्मनीत तर २०१३ पासून २०२३ पर्यंत अकरा वर्षे सलग बायर्न म्युनिक.

येथे दोन मर्यादांमधला फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. संघाच्या थैलीवरची मर्यादा मालकाला अडवते. एका खेळाडूच्या पगारावरची मर्यादा खेळाडूला अडवते. दोघांचे नाव एक, काम वेगळे. नावावर जाऊन सौदा करणारा व्यापारी फसतो.

मर्यादा म्हणजे जादू नव्हे

आम्ही एकतर्फी लिहीत आहोत असे कुणाला वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेच्याच बेसबॉल खेळात पक्की मर्यादा नाही. मालकांनी ती आणायचा हट्ट धरला तेव्हा १२ ऑगस्ट १९९४ पासून खेळाडूंनी संप केला, तो २३२ दिवस चालला आणि त्या वर्षीची अंतिम स्पर्धाच रद्द झाली. शेवटी मर्यादेऐवजी जास्त खर्चावर दंडवजा कर बसवला गेला. तरीही २००० नंतर २०२४ पर्यंत कोणत्याही संघाला लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळाले नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने २०२४ आणि २०२५ मध्ये ते मिळवले. उलट जेथे पक्की मर्यादा आहे त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंडच्या एकाच संघाने २००२ ते २०१९ या काळात सहा वेळा बाजी मारली. म्हणजे नुसत्या मर्यादेने चुरस येते असे नाही, आणि मर्यादा नसली की चुरस मरतेच असेही नाही. चांगला प्रशिक्षक, चांगली निवड आणि नशीब यांचाही वाटा असतो.

नियम आला की पळवाट येते, हेही व्यापाऱ्यांना सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सने जपानी खेळाडू शोहेई ओतानी याच्याशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यातले ६८ कोटी डॉलर द्यायचे आहेत २०३४ ते २०४३ या काळात. खेळेल आज, पैसे घेईल उद्या. त्यामुळे कराच्या हिशेबात त्याचा वर्षाचा आकडा सात कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाख धरला गेला. उधारीवर माल उचलून आजचे खाते हलके दाखवण्याची युक्ती आपल्या बाजाराचीच मक्तेदारी आहे असे कुणी समजू नये.

युरोपात मर्यादेचा तिसराच प्रकार आहे. तेथे क्लबने आपल्या स्वतःच्या मिळकतीच्या प्रमाणात खर्च करावा, असा दंडक आहे. स्पेनमधील अशाच नियमामुळे कर्जात बुडालेल्या बार्सिलोना क्लबला ऑगस्ट २०२१ मध्ये लिओनेल मेस्सीसारखा खेळाडू सोडावा लागला. या नियमाने क्लब दिवाळखोरीतून वाचतो, हे मान्य. पण ज्याची मिळकत मोठी त्याची मर्यादाही मोठी. लहान लहानच राहतो. त्याला बरोबरी म्हणता येणार नाही.

आपल्या घरचा ताळेबंद

आता आय.पी.एल.कडे वळू. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत पहिला लिलाव झाला. प्रत्येक संघाची थैली ५० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २० कोटी रुपये, आणि किमान ३३ लाख डॉलर खर्च करणे बंधनकारक. संघ विकत घेताना मुंबईसाठी सर्वांत जास्त, ११ कोटी १९ लाख डॉलर मोजले गेले होते, राजस्थानसाठी सर्वांत कमी, ६ कोटी ७० लाख. आणि पहिले विजेतेपद कोणी मिळवले? त्याच सर्वांत स्वस्त राजस्थानने, शेन वॉर्नच्या कप्तानीखाली. बडोद्याच्या एका मशिदीच्या आवारात वाढलेला युसुफ पठाण अंतिम सामन्याचा मानकरी ठरला.

चुरशीचा हिशेब पाहिला तर आय.पी.एल. बऱ्यापैकी पास होते. २००८ ते २०२५ या अठरा हंगामांत मुंबई आणि चेन्नई यांनी प्रत्येकी पाच वेळा आणि कोलकात्याने तीन वेळा विजेतेपद घेतले, उरलेली पाच वेगवेगळ्या पाच संघांना मिळाली. मोठे संघ वरचढ आहेत हे खरे, परंतु २०२४ मध्ये मुंबई शेवटच्या क्रमांकावर होती आणि २०२५ मध्ये चेन्नई. पाच वेळचा विजेता तळाला जातो, अठरा वर्षे वाट पाहणारे बंगळूर २०२५ मध्ये विजेते होते, म्हणजे तराजू हलतो आहे. सामायिक कमाईतून सर्व संघांना बहुतांशी सारखा वाटा मिळतो, आणि खर्चाची खालची हद्दही आहे. २०२२ च्या लिलावात ९० कोटींच्या थैलीतून किमान साडेसदुसष्ट कोटी खर्च करणे भाग होते. येथवर सगळे ठीक.

आता वहीचे दुसरे पान उलटू. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी सामने दाखवण्याचे हक्क १६,३४७ कोटी ५० लाख रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ३,२७० कोटी. २०१८ मध्ये आठ संघांची थैली प्रत्येकी ८० कोटी, एकूण ६४० कोटी. साधारण वीस टक्के. पुढे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. वर्षाची सरासरी ९,६७८ कोटी. २०२३ मध्ये दहा संघांची थैली प्रत्येकी ९५ कोटी, एकूण ९५० कोटी. साधारण दहा टक्के. कमाई तिप्पट झाली आणि खेळाडूंचा हिस्सा निम्म्यावर आला. २०२५ मध्ये थैली १२० कोटी झाली, शिवाय प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाख रुपये फी सुरू झाली. ही फी आणि कामगिरीवरची रक्कम धरून संघाची एकूण मर्यादा सुमारे १४६ कोटी झाली. तरीही हिस्सा पंधरा टक्क्यांच्या आसपास. आणि हा हिशेब फक्त प्रक्षेपणाच्या पैशांचा आहे. जाहिरातदार, प्रायोजक आणि तिकिटे यांचे उत्पन्न धरले तर हिस्सा आणखी घटेल.

संघांची किंमत मात्र कुणी बांधून ठेवलेली नाही. २००८ मध्ये सर्वांत महाग संघ सुमारे ४४० कोटींचा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये लखनौचा नवा संघ ७,०९० कोटींना गेला. सोळापट. थैली २००८ पासून २०२५ पर्यंत सहापट.

गंमत अशी की महिलांच्या लीगमध्ये सुरुवात बरी झाली. तेथे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले, म्हणजे वर्षाला १९० कोटी, आणि २०२३ मध्ये पाच संघांची थैली प्रत्येकी १२ कोटी, एकूण ६० कोटी. जवळजवळ तिसरा हिस्सा. लहान धंद्याला जे जमले ते मोठ्या धंद्याला का जमू नये?

वरचे पैसे कोणाचे?

याहून खटकणारी गोष्ट एका एका खेळाडूवर बसवलेल्या मर्यादेची आहे. जानेवारी २०१० च्या लिलावात एका खेळाडूवर साडेसात लाख डॉलरच्या वर उघड बोली लावता येत नव्हती. वेस्ट इंडिजचा कायरन पोलार्ड त्या आकड्यावर पोहोचला आणि एकाहून अधिक संघ अडून बसले. तेव्हा संघांनी बंद पाकिटात आकडा लिहून द्यायचा, ज्याचा मोठा त्याचा खेळाडू, असे झाले. मुंबईने बाजी मारली. पण साडेसात लाखांच्या वरचे पैसे पोलार्डला मिळाले नाहीत, ते मंडळाकडे गेले.

हाच प्रकार नव्या वेशात परत आला आहे. १६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबीत झालेल्या लिलावात कोलकात्याने ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन ग्रीनला २५ कोटी २० लाखांना घेतले. नियमाप्रमाणे त्याच्या हाती पडणार १८ कोटी. वरचे ७ कोटी २० लाख मंडळाकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी. मोठे परदेशी खेळाडू मोठा लिलाव टाळून लहान लिलावात भाव खातात, त्याला आळा घालायचा म्हणून हा नियम, असे सांगितले जाते. तक्रार खोटी नसेलही. पण समजा एखाद्या गिऱ्हाइकाने कारागिराच्या हातच्या पैठणीला पंचवीस हजार मोजले, आणि मधल्याने म्हटले, तुझी मजुरी अठरा हजारांपर्यंतच, उरलेले तुझ्याच भल्यासाठी मी जपून ठेवतो. कारागिराने काय समजायचे? गिऱ्हाइकाने दिलेली किंमत कारागिराच्या हातची आहे. भल्याची भाषा बोलणाऱ्याने आधी हिशेबाची वही उघडी ठेवावी.

तीन हरकती

पहिली हरकत अशी येईल की दोन महिन्यांत २७ कोटी मिळवणाऱ्याची वकिली कशाला? आम्ही पंतची वकिली करत नाही. त्याच लिलावात देशाकडून न खेळलेल्या खेळाडूची पायाभूत किंमत ३० लाख रुपये होती, आणि बहुतेक मुले त्याच्याही आधी, यादीतच राहून घरी परततात. खेळाडूचे हात-पाय दहा-बारा वर्षे साथ देतात. विणकर साठीपर्यंत मागावर बसू शकतो, वेगवान गोलंदाजाचा गुडघा पंचविशीत जाऊ शकतो. आणि प्रश्न रकमेचा नाही, उसुलाचा आहे. मजुरी लाखाची असो की शंभराची, ती ठरवताना एकच बाजू बसली असेल तर तो करार नाही, फर्मान आहे.

दुसरी हरकत अशी की मंडळ या कमाईतून राज्य संघटना आणि देशातले इतर क्रिकेट चालवते. बरोबर आहे. प्रक्षेपणाच्या कमाईतला ढोबळ मानाने निम्मा भाग मंडळाकडे राहतो आणि त्यातून मैदाने, लहान वयोगटांच्या स्पर्धा, माजी खेळाडूंचे निवृत्तिवेतन यांना मदत होते. तो भाग बाजूला काढला तरी संघांकडे येणाऱ्या निम्म्याचा हिशेब उरतोच. त्यातून किती खेळाडूंचे आणि किती मालकांचे, हे प्रमाण करारात लिहिलेले का नसावे?

तिसरी हरकत, नको असेल तर खेळू नये. हे बोलणे सोपे आहे. ज्याच्यापुढे दहा गिऱ्हाइके आहेत तो एकाला नाही म्हणू शकतो. भारतीय पुरुष खेळाडूला, तो खेळत आहे तोवर, परदेशातील वीस षटकांच्या लीगमध्ये खेळण्यास मंडळ परवानगी देत नाही. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग नावाची दुसरी पेठ उभी राहिली, तेव्हा तेथे गेलेल्यांवर बंदी घातली गेली, आणि २००९ मध्ये ती पेठ सोडून परतणाऱ्यांना माफी मिळाली. पेठ एकच आणि खरेदीदारांनी आपसात थैली ठरवलेली, अशा बाजारात विकणाऱ्याची मर्जी कितीशी चालणार?

आमच्या सूचना

मर्यादा काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. ती काढली तर दोन-तीन धनाढ्य संघ सगळे खेळाडू उचलतील आणि उरलेले संघ नुसते हजेरी लावतील. आमचे म्हणणे एवढेच की मर्यादेचा पाया बदलावा. थैलीचा आकडा दर वेळी वरून जाहीर न होता प्रक्षेपणाच्या कमाईच्या ठरलेल्या टक्केवारीने वाढावा, म्हणजे नवा सौदा झाला की खेळाडूचा हिस्सा आपोआप मोजला जाईल. एका खेळाडूवरची मर्यादा काढावी. ती ठेवायचीच असेल तर वरचे पैसे त्याच लिलावातील सर्वांत कमी किमतीच्या खेळाडूंत वाटावेत आणि त्याचा हिशेब छापावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, खेळत असलेल्या खेळाडूंची संघटना मान्य करावी. २०१९ मध्ये मंडळाने मान्य केलेली संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. निवृत्त माणूस सल्ला देऊ शकतो, पण चालू करारावर सही करायला चालू खेळाडूच हवा.

आमच्या मागावाल्या, शिवणकामवाल्या, जरीवाल्या बंधूंना यातून घेण्यासारखे काही आहे. धंद्यात मंदी आली की मालक मंडळी म्हणतात, आपण आपसात स्पर्धा करून मजुरी चढवली तर सगळेच बुडू, तेव्हा एक दर बांधू. दर बांधण्यात वाईट काही नाही. पण दर बांधणाऱ्या बैठकीत मीटरवर मजुरी घेणारा बसला आहे काय, भाव चढला तर मजुरी चढेल असे लिहिले आहे काय, आणि दर पाळला नाही तर मालकालाही तेवढाच दंड आहे काय, हे विचारून घ्यावे. आम्ही स्वतः मालाचे खरेदीदार आहोत, दर पडला तर आमचा फायदाच आहे, तरीही हे लिहितो. कारण ज्या बाजारात विणणाऱ्याचे पोट भरत नाही त्या बाजारात चार वर्षांनी विणणारा उरत नाही, आणि मग आम्ही विकणार काय?

पुढचे प्रक्षेपण हक्क २०२८ पासूनचे असतील. तो सौदा होण्याआधीच खेळाडूंचे टक्के ठरले पाहिजेत. सौदा झाल्यावर हिस्सा मागणारा भागीदार ठरत नाही, मागणारा ठरतो. क्रिकेट मंडळाने आणि संघमालकांनी ही गोष्ट व्यापारी रीतीने, उघड वहीवर, खेळाडूंना समोर बसवून पार पाडावी, एवढीच आमची मागणी आहे.